प्रतबुकातली माती

१

विद्यापीठात मृदाशास्त्र किंवा परिस्थितिविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एका टप्प्यावर वर्ग सोडून शिवारात जावे लागते. तिथे शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी तशा मोजक्याच. दीड-दोन मीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याची उजेडाकडची एक भिंत तासून साफ करायची, वरून खाली मातीचे थर वेगळे ओळखायचे आणि प्रत्येक थराचा रंग मुनसेलच्या रंगपुस्तकाशी ताडून लिहायचा. ओली माती अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबून तिची पट्टी किती लांब निघते, यावरून वाळू आणि चिकण यांचे प्रमाण अजमावायचे. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून चुना फसफसतो का ते पाहायचे. गवताळ जागी ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातल्या वनस्पती जातवार मोजायच्या. हे सारे वहीच्या ठरलेल्या रकान्यांत उतरवायचे. यालाच क्षेत्रीय अभ्यासपद्धती म्हणतात.

ही पद्धती तटस्थ आहे, खणणारा कोण आणि जमीन कोणाची याने तिच्यात फरक पडत नाही, असे पाठ्यपुस्तक गृहीत धरते. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो, मुलांना घेऊन दरवर्षी शिवारात जातो आणि ही पद्धती मला मोलाची वाटते. म्हणूनच तिच्याविषयी काही सांगणे मला अगत्याचे वाटते. महाराष्ट्रात माती पाहण्याच्या आणि तिची प्रत लावण्याच्या व्यवहाराला जवळजवळ दोनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. या इतिहासात खणणारा हात आणि लिहिणारा हात सतत वेगवेगळ्या माणसांचे राहिले आहेत. मातीची प्रत लावता लावता माणसाचीही प्रत लावली गेली आहे. आज आमच्या वस्त्यांतली मुले हीच पद्धती शिकत आहेत. तिचा हा इतिहास त्यांना कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळत नाही.

२

दख्खनची माती पद्धतशीरपणे प्रथम खणली ती विज्ञानासाठी नव्हे, साऱ्यासाठी. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारला जमिनीवर किती आकार बसवावा हे कळेना. प्रिंगल यांची पहिली पाहणी फसली. तिने रयत मोडली आणि गावे ओस पडली. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात त्याचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली.

तिचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. शेताचे कागदावर समान भाग पाडायचे. प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातांत मोजायची. पावणेदोन हात खोल चांगली काळी माती म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल, रंग तांबडा किंवा भुरकट होईल, तशी प्रत उतरत जायची आणि नवव्या वर्गाला दोन आणे उरायचे. चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष आढळले की त्यांच्या खुणा करून प्रत आणखी खाली आणायची. हे सारे प्रतबुकात नोंदले जाई. आजचा विद्यार्थी आम्लाचा थेंब टाकून जो चुना शोधतो तोच चुना क्लासर कारकून नजरेने शोधत होता. त्याने लिहिलेल्या आण्यांवर पुढे सगळी आकारणी उभी राहिली.

या क्लासरबरोबर शिवारात कोण हिंडत होते? मोजणीच्या अंमलदाराबरोबर जाणे, शिवेच्या खुणा दाखवणे, हद्दीचे दगड राखणे ही महाराची वतनी कामे होती. दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. गावाच्या हद्दीत पाय ठेवायला ज्याच्यावर शंभर बंधने, त्याच्याच तोंडून गावाची हद्द ठरत होती. जमिनीच्या या तोंडी ज्ञानाला प्रतबुकात रकाना नव्हता. क्लासरची सही राहिली. वाट दाखवणारा बलुत्याच्या आणि हाडकीहाडोळ्याच्या मोबदल्यात राबून निघून गेला. ते हाडोळेही वतनी कामाला बांधलेले. काम सोडले की जमीन गेली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, ते या बेडीविरुद्ध. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

३

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मातीचे विज्ञान प्रयोगशाळेत बसले होते. लीबिगच्या १८४० च्या ग्रंथानंतर माती म्हणजे पिकाला लागणाऱ्या क्षारांची कोठी, असा विचार रूढ झाला. नमुना पिशवीत घालून आणला, जाळला, विरघळवला, की काम झाले. या विज्ञानाला शिवारात परत नेले ते रशियाच्या वासिली दोकुचायेव्ह याने. १८७७ पासून त्याने काळ्या मातीच्या मुलखात हजारो किलोमीटर भ्रमंती केली, खड्डे घेऊन थर पाहिले आणि १८८३ साली ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ सिद्ध केला. खडक, हवामान, जीवसृष्टी, भूमीचा उंचसखलपणा आणि काळ यांच्या संयोगातून माती घडते, ती स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, हा त्याचा सिद्धान्त. विद्यापीठात आज घेतला जाणारा खड्डा हा त्याचा वारसा.

त्याच १८८३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्या ग्रंथातला ब्राह्मणी नोकरशाहीवरचा हल्ला सर्वांना पाठ आहे. मातीविषयी जोतीराव काय म्हणतात याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले. डोंगरावरच्या झाडांची पाने-फुले, मेलेले किडे आणि जनावरे कुजून त्यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरते. ते ओढ्यानाल्यांतून फुकट वाहून जाऊ नये म्हणून बांध आणि ताली अशा घालाव्यात, की पाणी शेतात मुरूनच पुढे जावे. सरकारने त्यासाठी रिकाम्या पलटणी आणि पोलिस कामाला लावावेत, असे ते लिहितात. जंगल खाते गुरांची कुरणे बळकावते, तेव्हा शेताचे खत कसे तुटते, हेही ते दाखवतात. डोंगर, कुरण, गुरे, शेत आणि पाणी यांना एका साखळीत पाहणे याला पुढे परिस्थितिविज्ञान म्हणू लागले. जोतीरावांनी ते शिवारात उभे राहून आणि सारा भरणाऱ्याच्या बाजूने लिहिले. दोकुचायेव्हच्या ग्रंथातून विद्यापीठांत एक विद्याशाखा उभी राहिली. ‘असूड’ समाजसुधारणेच्या कप्प्यात ठेवला गेला आणि मृदाशास्त्राच्या वर्गात त्याचे नावही निघत नाही.

सरकारला मात्र शेतीचे तज्ज्ञ मत हवे होते. त्यासाठी जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनज्ञाला विलायतेहून आणले. १८८९ ते १८९१ या काळात तो देशभर हिंडला आणि १८९३ च्या अहवालात त्याने लिहिले, की हिंदुस्थानी रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीची, काही बाबतींत सरसच आहे. शिवारात गेल्यामुळे त्याला हे दिसले. पण ‘रयत’ या एका शब्दात कसणारा आणि त्याच्या बांधावर राबणारा भूमिहीन, दोघेही लपले.

४

रयत हा शब्द फोडून पाहण्याचे काम पुण्याच्या शेतकी कॉलेजातून झाले. हॅरल्ड मान हा रसायनज्ञ १९०७ साली तिथे प्राचार्य म्हणून आला. माती तपासणारा हा माणूस खेड्यात शिरला तो खेड्याची अख्खी तपासणी करण्यासाठी. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी त्याने १९१७ साली प्रसिद्ध केली. त्यात जमीन, विहिरी, पीक, तुकडे, कर्ज हे सारे एकत्र मांडले आहे. १७७१ साली त्या गावात सरासरी धारण चाळीस एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली, हा त्याचा आकडा पुढे फार गाजला. जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी त्याने ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर केली, ती १९२१ ची. याखेरीज पुणे शहरातल्या अस्पृश्य जातींवर १९१२ साली आणि दख्खनी खेड्यातल्या महारांवर १९१६ साली त्याने स्वतंत्र निबंध लिहिले. मातीच्या अभ्यासकाने महारवाड्यात जाऊन मोजणी करावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

या पाहणीचा उपयोग कोणी कसा केला, हे महत्त्वाचे आहे. ‘तुकडे लहान झाले म्हणून शेती बुडाली, तर तुकडे जोडा,’ असा निष्कर्ष सरकारी अधिकाऱ्यांनी काढला. १९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान धारणांवर निबंध लिहिला. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांनी दाखवले. जमिनीवर रिकाम्या हातांचा भार आहे. तो उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय नुसते तुकडे जोडून रोग बरा होणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. शिवारात जाऊन केलेल्या मोजणीला प्रश्न कोण विचारतो, यावर तिचे उत्तर अवलंबून असते. बांधावरून पाहणाऱ्याला तुकडा दिसला. ज्याच्या समाजाला तो तुकडाही नव्हता, त्याला त्या तुकड्यावरचा रिकामा माणूस दिसला.

५

कानिटकरांचे पुढचे काम कोरडवाहू शेतीचे. मांजरीला १९२३ साली सुरू झालेले प्रयोग पुढे १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात वाढले. उताराच्या जमिनीचे तुकडे पाडून, पावसाचे किती पाणी वाहून गेले आणि त्याबरोबर किती माती गेली, हे तिथे वर्षानुवर्षे मोजले गेले. ही मोजणी शास्त्रीय आणि उत्तम होती. तिच्यातून समतल बांधबंदिस्तीचा कार्यक्रम आला, १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला आणि जोतीरावांची ताल साठ वर्षांनी सरकारी दप्तरात दाखल झाली.

हे बांध घातले कोणी? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे ५० लाखांपर्यंत माणसे राबत होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. बांध, नालाबंडिंग, पाझर तलाव या कामांवर सर्वांत जास्त कोण होते, हे त्या पिढीच्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावे. भूमिहीन दलित, आदिवासी आणि त्यांतही बाया. त्यांनी वाचवलेली माती ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्या शेतात राहिली. बांध घालणारीच्या वाट्याला आठवड्याची मजुरी आली.

आणि त्या मजुरीचा हिशेबही मातीच्या प्रतीवरच होता. कामावर दर ठरलेले असत. नरम मातीला एक, मुरमाला दुसरा, कठीण मुरमाला तिसरा, खडकाला चौथा. खणलेला खड्डा पाहून अभियंता मोजमाप पुस्तिकेत प्रत लिही. कठीण मुरूम ‘माती’ म्हणून लिहिला गेला, की दिवसभर टिकाव मारणाऱ्या जोडप्याची निम्मी कमाई कागदावरच नाहीशी व्हायची. टिकावाच्या आवाजावरून आणि हाताला बसणाऱ्या हिसक्यावरून मुरमाचा कठीणपणा ओळखणाऱ्या बाईला ती प्रत आधीच ठाऊक होती. पुस्तिकेतला रकाना तिला वाचता येत नव्हता. इंदापूरच्या क्लासरपासून रोजगार हमीच्या मापापर्यंत मातीचे वर्गीकरण हा भाकरीचा प्रश्न राहिला आहे. आमच्या मुलांनी पोताची परीक्षा शिकायची ती निव्वळ गुणांसाठी नव्हे. ती येणाऱ्या माणसाला मोजमाप पुस्तिकेतली लबाडी पकडता येते.

६

परिस्थितिविज्ञानाच्या क्षेत्रीय पद्धतीचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने आला, पण तो पोचला आमच्याच दारात. चौकोन आखून वनस्पती मोजण्याची रीत अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ माळावर पाउंड आणि क्लेमेंट्स यांनी १८९८ च्या सुमारास घालून दिली. माळ माणसाच्या हातापासून मुक्त राहिला तर तो एका ठरलेल्या परिपूर्ण अवस्थेकडे जातो, असे क्लेमेंट्स मानीत असे. माणूस म्हणजे त्या वाटेतले विघ्न. १९३५ साली ‘परिसंस्था’ ही कल्पना मांडताना इंग्लंडच्या टॅन्सलेने बजावले, की माणसाने घडवलेले निसर्गरूपही अभ्यासात धरलेच पाहिजे. आपल्याकडे ही विद्या रुजवली ती बनारसच्या रामदेव मिश्रा यांनी. लीड्सहून १९३७ साली डॉक्टरेट घेऊन आलेल्या या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या आणि १९६८ साली क्षेत्रीय कामाचे इंग्रजी पुस्तक दिले. उपकरणे नसलेल्या महाविद्यालयांतही दोरी, खुंट्या आणि वही यांवर ही विद्या चालू शकते. आमच्यासारख्यांना ती परवडते ती यामुळेच.

पण टॅन्सलेचा इशारा वर्गाबाहेर फारसा गेला नाही. अभ्यासाला जागा निवडताना ‘अबाधित’ जागा शोधायची सवय राहिली. गावाभोवतीच्या गायरानाला मग एकच शेरा मिळतो : अतिचराई झालेली, अवनत, अतिक्रमित. जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग पाडण्याची अमेरिकन रीत १९६१ च्या सुमाराची. पहिले चार वर्ग नांगराचे, पुढचे चार गवताचे नि झाडांचे. दलितांनी कसायला घेतलेली गायराने बहुधा या पुढच्या वर्गांत बसतात, कारण पहिल्या वर्गांतली जमीन त्यांच्यासाठी कोणी मोकळी ठेवलीच नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि १९६४-६५ चा देशव्यापी भूमी सत्याग्रह झाला, तो याच पडीक जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. त्यानंतर ठिकठिकाणी कसणाऱ्याकडे पुरावा मागितला गेला. दंडाच्या पावत्या, गाव नमुना १-ई मधली नोंद, पंचनामा. ज्यांची नोंद तलाठ्याने केलीच नाही त्यांनी काय दाखवायचे?

इथे क्षेत्रीय विद्या कामाला येऊ शकते. पंचवीस-तीस वर्षे नांगरलेल्या जमिनीचा खड्डा न नांगरलेल्या माळासारखा दिसत नाही. वरचा थर मोकळा होतो, नांगराच्या तळाशी दाबलेला पट्टा बनतो, वेचलेले दगडगोटे बांधावर रचलेले असतात, बांधावर लावलेल्या झाडांचे वय सांगता येते. शेजारच्या न कसलेल्या माळावर दुसरा खड्डा घेऊन तुलना केली, की श्रमाचा लेख मातीतच वाचायला मिळतो. न्यायालय त्याला किती मान देईल हा पुढचा प्रश्न. पण एके काळी शिवेच्या तंट्यात आमच्या पूर्वजाची तोंडी साक्ष चालत होती. आज त्याचा नातू मोजपट्टी, छायाचित्र आणि वही घेऊन साक्ष देऊ शकतो. ‘अवनत’ असा शेरा मारून मोकळे होणारे विज्ञान आणि तो माळ कोणी कसा राखला हे विचारणारे विज्ञान, दोन्हींची उपकरणे एकच आहेत.

७

आता विद्यार्थ्यांविषयी. मृदाशास्त्राकडे येणाऱ्या आमच्या मुलांना घरून एक प्रश्न हमखास येतो. माझ्या आईनेही तो विचारला होता : मातीतून बाहेर काढायला तुला शिकवले आणि तू परत मातीच उकरणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खेडे सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही जगण्यातून शिकलो. ज्यांच्यासाठी माती म्हणजे वेठ, त्यांनी तिच्याकडे ओढीने पाहावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. निसर्गाच्या सान्निध्याची जी गोडी पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनेत असते, ती सुट्टीत शेतावर जाणाऱ्यांची गोडी आहे.

शिवारातल्या शिबिरातही जुने रकाने जिवंत असतात. मी विद्यार्थी असताना आमच्या शिबिराला खड्डे खणायला रोजाने दोन मजूर लावले होते. थर बदलला की फावड्याच्या आवाजावरून ते आधी सांगत आणि आम्ही लिहून घेत असू. अहवालात नमुन्यांचे क्रमांक होते, सहभागी विद्यार्थ्यांची यादी होती, वाहनचालकाचे आभारही होते. त्या दोघांची नावे नव्हती. मुक्कामाच्या गावात पाणी कुठल्या वस्तीवरून आणायचे आणि जेवण कोणाच्या घरी घ्यायचे, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवले होते. वर्गात बाकावर शेजारी बसणारी जात शिवारात पाय ठेवताच वेगवेगळ्या पंगतींत वाटली गेली. पाठ्यपुस्तकातल्या तटस्थ शिवारावर माझा विश्वास बसत नाही, तो या अनुभवामुळे.

याबाबतीत आपल्याला सोबत देणारा एक माणूस सातासमुद्रापलीकडे होऊन गेला. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. त्याच देशात साधारण १८६४ च्या सुमारास गुलाम आईच्या पोटी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर जन्मले. आयोवाच्या कृषी महाविद्यालयात ते पहिले काळे विद्यार्थी. १८९४ ला पदवी, १८९६ ला पदव्युत्तर पदवी. मग अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत त्यांनी आयुष्य घातले. कापसाने निःसत्त्व केलेल्या तिथल्या जमिनीवर त्यांनी चवळी, रताळी, भुईमूग यांचे प्रयोग केले आणि १९०६ पासून त्यांनी आखलेली फिरती शाळा घोडागाडीतून काळ्या शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. वीणा गवाणकरांच्या १९८१ च्या ‘एक होता कार्व्हर’ने हे चरित्र मराठी घराघरांत नेले. आपल्याकडे त्यातला भुईमूग आणि साधेपणा अधिक लक्षात राहिला. माझ्या दृष्टीने त्यांचे मोठेपण दुसरीकडे आहे. ज्या मातीला आपले लोक जखडले गेले होते, तीच त्यांनी अभ्यासाचा विषय केली आणि ते ज्ञान सोप्या पुस्तिकांतून तिथेच परत पोचवले. त्यांच्या कामाला मर्यादाही होती. जमीन मळेवाल्याची, पीक त्याच्या मर्जीचे. वाटेकऱ्याने माती सुधारली तरी ती त्याची होत नव्हती. ज्ञानाने जमिनीच्या मालकीचा प्रश्न सुटत नाही, हा धडाही कार्व्हर यांच्या आयुष्यातून घ्यायचा.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांपुढे दोन-तीन गोष्टी ठेवतो. खड्ड्याच्या वहीत रंग, पोत, चुना या रकान्यांबरोबर आणखी तीन रकाने आखावेत : जमीन कोणाच्या नावावर, ती कसते कोण आणि हा खड्डा कोणी, किती मजुरीवर खणला. पहिला खड्डा तरी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने खणावा. ज्यांच्या घरात कुदळ कधी आलीच नाही त्यांनी तर अवश्य. मातीचे गावठी शब्द मजुराच्या तोंडून जसे येतील तसे लिहून घ्यावेत आणि सांगणाऱ्याचे नाव अहवालात घालावे. कार्यकर्त्यांनी गायरानाच्या लढ्यात अशा शिकलेल्या मुलांना सोबत घ्यावे. मुलांनी आपले अहवाल विद्यापीठाच्या कपाटात ठेवून न थांबता त्यांची मराठी प्रत त्या वस्तीवर नेऊन द्यावी.

माझ्या आईच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे. आजवर आपण खणत आलो आणि प्रत दुसऱ्याने लिहिली. आता खणणारा आणि लिहिणारा हात एकाच माणसाचा होऊ शकतो, अशी जागा निर्माण झाली आहे. ती जागा सोडून दिली, तर प्रतबुक पुन्हा क्लासरच्याच हाती जाईल.